गाडीचं खरं कोणी सांगायचं?

गाडी घ्यायचा विषय निघाला की घरात म्हणतात, ‘ते बायकांचं काम नाही.’ पण आता आपल्या सोलापूर जिल्ह्यात बचत गटाच्या बाया शेंगाचटणी, कडक भाकरी बाजारात न्यायला टेम्पो घ्यायचा विचार करतात. कर्जाच्या कागदावर सही आपली, हप्ताही आपलाच. मग शोरूममधल्या व्यवहारात विकणाऱ्यानं किती सांगायचं आणि घेणाऱ्यानं किती विचारायचं, हा जुना वाद आपल्यालाही माहीत हवा.

गाडीच्या धंद्याचं आपल्या सोलापूरशी जुनं नातं आहे. उद्योगपती वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण जी पद्मिनी सिनेमात पाहिली, ती याच कंपनीची.

त्या काळात गाड्या थोड्या आणि घेणारे फार. कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या, ते सरकारी परवान्यावर ठरायचं. १९५९ साली तर गाड्यांच्या वाटप-विक्रीवरही सरकारी नियंत्रण आलं. पैसे भरून माणसं वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायची. अशी टंचाई असली की ‘वरचे पैसे द्या, नंबर पुढे घेतो’ ही भाषा सुरू होते. देणारा म्हणतो, मला गरज आहे, मी काय करू? घेणारा म्हणतो, लोक देतात म्हणून मी घेतो. आणि जो सरळ मार्गानं रांगेत उभा, तो आणखी मागे जातो. म्हणजे लबाडी एकट्या दुकानदाराची नसते, गिऱ्हाइकाचा हातही त्यात असतो.

कायद्याची जुनी रीत अशी होती की माल घेताना गिऱ्हाइकानं आपलं आपण बघून घ्यावं. ती बदलायला बायकाच पुढे आल्या, हे अभिमानानं सांगावंसं वाटतं. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी एकत्र येऊन ग्राहकांसाठी संस्था सुरू केली, तिचं नाव कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. लीला जोग तिच्या संस्थापक सचिव. पुढे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला.

आता शेजारच्या गोव्यातली एक गोष्ट ऐका. २०११ साली एका ग्राहकानं विक्रेत्याकडे पूर्ण पैसे भरून नवी टाटा इंडिगो मागितली. समोर आली ती २००९ची गाडी. सहाशेहून जास्त किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली, अंगावर ओरखडे. त्यानं ती घ्यायला नकार दिला. यंदाची गाडी द्या नाहीतर पैसे परत करा, म्हणाला. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय, तिन्ही ठिकाणी निकाल त्याच्या बाजूनं लागला. मग कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कंपनी विक्रेत्याला गाडी विकते, तिथं तो व्यवहार संपतो. विक्रेत्यानं पुढे जे केलं ते कंपनीला ठाऊक होतं असा पुरावा नसेल, तर कंपनीला दोषी धरता येणार नाही.

आपल्याला गाडीवर कंपनीचं एकच नाव दिसतं. कायद्याला मात्र दोन वेगळे हात दिसतात. खोटं सांगितलं ते ज्या हातानं, जबाब त्यालाच द्यावा लागतो.

विक्रेत्याचीही अडचण समजून घेऊ. दोन वर्षं पडून राहिलेल्या गाडीत त्याचे पैसे अडकलेले असतात. ती त्यानं विकू नये असं कोण म्हणेल? वर्ष खरं सांगावं, किंमत कमी करावी, मग घेणारा मिळतो. लपवून विकली, तर त्याचा तोटा न सांगता आपल्या डोक्यावर येतो. हाच न्याय आपल्यालाही लागू आहे, बरं का. जुनी गाडी देऊन नवी घेताना अपघात लपवला, किलोमीटरचा काटा मागे फिरवला, तर पुढच्या गरजवंताला आपणच फसवलं.

म्हणून पैसे भरण्याआधी चासी नंबर मागा आणि गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहून घ्या. आरसीवर ते छापलेलं असतं, पण आरसी हाती येते तोवर पैसे गेलेले असतात. ताबा घेण्याआधी काटा पाहा, खाली वाकून पाहा. पक्कं बिल घ्या. मन खात नसेल, तर सही करू नका.

एवढं करूनही फसवणूक झालीच, तर तक्रार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या टेम्पोलाही हा कायदा लागू होतो. सल्ला हवा असेल तर १९१५ या नंबरवर फोन करा. हा नंबर गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.