माळरानावरील आद्य संसार

शहापूर तालुक्यांतील शेणव्याच्या आसपास आश्विनांत हिंडावें तों गुडघाभर गवताचे माळ वाऱ्यावर डुलत असतात. तेच वैशाखांत करपून उघडेबोडके पडतात. अशा जमिनीला आपण सहज ‘पडीक’ म्हणून मोकळे होतों. परंतु नांगर जन्मास येण्यापूर्वीं हजारों वर्षें माणसानें जिच्यावर संसार थाटला, ती भूमि अशीच गवताची होती.

याची साक्ष घांटमाथ्यापलीकडे मिळते. शहापुराजवळून जाणारा लोहमार्ग कसाऱ्याचा घांट चढून पुढें चाळीसगांवास पोंचतो. त्या तालुक्यांत अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशीं पाटणें गांव आहे. तेथें १९७२-७३ सालीं एस. ए. साळी यांनीं उत्खनन केलें. सुमारें २५,००० वर्षांपूर्वींच्या अवशेषांत दगडी पात्यांसह शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि नक्षी कोरलेला कवचाचा एक तुकडाही. शहामृग हा निबिड अरण्यांतला पक्षी नव्हे. त्यास धांवावयास मोकळें रान लागतें. तो काल हिमयुगाचा. पाऊस दुर्बळ झाला होता आणि गवताळ रान पसरलें होतें.

मोकळ्या रानांत लपावयास आडोसा थोडा, आणि हरणांची नजर तीक्ष्ण. तेथें दुरून मारा करणारें हलकें हत्यार हवें. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी व अकीक तयार होतात. त्यांच्या बारीक पात्या काढून त्या लांकडांत बसविण्याची विद्या पुढें देशभर पसरली. एक पातें मोडलें तर दुसरें बसवावें. सगळें शस्त्र टाकावें लागत नसे.

पुढें शेती आली, तरी माळाचें ऋण फिटलें नाहीं. घोड नदीवरील इनामगांव येथें १९६८ ते १९८३ या काळांत झालेल्या उत्खननावरून असें दिसतें कीं, इसवी सनापूर्वीं १००० च्या सुमारास पर्जन्यमान घटूं लागतांच तेथील शेतकरी पुन्हां मृगया व पशुपालन यांकडे वळले. पिकानें हात दिला नाहीं, तेव्हां गवतानें दिला.

आज माळ दिसला कीं तेथें वृक्ष लावावे वा घरें बांधावीं, एवढेंच आपणांस सुचतें. पण अंड्याचें नाजूक कवच घासून, भोंक पाडून, मणी करीत बसण्याइतकी उसंत ज्या भूमीनें आपल्या लेंकरांना दिली, तिला दरिद्री कोणीं म्हणावें? पडीक असेल तर आपली दृष्टि; माळ नव्हे.