इंद्रवज्राचे माप

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली धुके दाटले असता सकाळच्या उन्हात आपल्याच सावलीभोवती जे रंगीत वलय उमटते, त्यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आपल्या घोड्याचीही सावली त्यात दिसल्याचे लिहिले आहे.

आम्ही वर्षानुवर्षे वर्गात इंद्रधनुष्य शिकविले. हे वलय मात्र राहूनच गेले. वास्तविक तेच ढगाचे माप होय : थेंब जितके बारीक, तितके वलय मोठे. १९९६ साली सोडलेल्या जपानी उपग्रहावरील ‘पोल्डर’ या फ्रेंच उपकरणाने अशीच वलये अवकाशातून टिपून थेंब मोजले.

थेंबांची त्रिज्या सुमारे १४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सत्तरावा भाग, इतकी न वाढल्यास ढग बहुधा कोरडाच जातो. वणव्याच्या धुराने थेंब असे खुंटतात, हे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डॅनियल रोझेनफेल्ड यांनी १९९९ साली इंडोनेशियावरील ढगांवरून उपग्रहाकडे परतलेल्या प्रकाशाच्या आधारे दाखविले.