अल्पपरिचित ध्वनिमुद्रणांचा शोध आणि मराठवाड्याचा सामाजिक इतिहास : माजलगावच्या ओव्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना आपण शिलालेख, ताम्रपट, बखरी, मोडी कागदपत्रे, प्रवासवर्णने आणि अलीकडे मौखिक परंपरा यांचा उल्लेख करतो. ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. ती छंदाची वस्तू मानली जाते आणि तिचा विचार संगीत विभागाकडे सोपविला जातो. ज्या महाविद्यालयात संगीत विभागच नाही तेथे तो कोणीच करीत नाही. बीड जिल्ह्यातील अभ्यासकांना ही उपेक्षा खरे तर खटकावयास हवी. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी ज्या अंबाजोगाईने जपली, त्या जिल्ह्याला साधन हे कागदावरच असते असे वाटण्याचे कारण नाही.

कोणती ध्वनिमुद्रिका प्रसिद्धीस येते आणि कोणती अडगळीत राहते, हे केवळ गुणवत्तेवर ठरत नाही. तबकडीची लांबी, बाजारातील ग्राहक आणि पुढे कोणीतरी हेतुपूर्वक घेतलेला शोध यांवर ते ठरते. म्हणून अपरिचित ध्वनिमुद्रणे शोधणे आणि ती कारणांसह इतरांना सुचविणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. या भूमिकेतून वेगवेगळ्या प्रकारांतील काही ध्वनिमुद्रणांचा येथे विचार केला आहे. त्यांत मुख्य भर आपल्या जिल्ह्यातील एका ध्वनिमुद्रणावर आहे.

तीन मिनिटांची तबकडी

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा इतिहास सामान्यतः या प्रसंगापासून सांगितला जातो. गायन संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. मुद्रणे तबकड्यांसाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तेथील कारागिरांना गायिका कोण हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. पुढे ही गरज संपली, पण नावाचा तो उच्चार तबकडीवर कायम राहिला. नावाच्या या मुद्द्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे. ख्यालगायकांनी आपली मांडणी त्या मर्यादेत बसविली. नाट्यपद, भावगीत आणि लावणी हे प्रकार त्या साच्यात सहज बसले आणि मराठी ध्वनिमुद्रिकांचा व्यापार प्रामुख्याने त्यांवरच उभा राहिला. जात्यावरची ओवी या साच्यात बसणारी नव्हती. दळण संपेपर्यंत ती चाले. तिला ठरावीक आरंभ नव्हता, शेवट नव्हता आणि श्रोताही नव्हता. जी गात होती तिला ती विकत घेण्याची गरज नव्हती आणि ज्यांच्या घरी ग्रामोफोन होता त्यांना ती विकत घ्यावीशी वाटत नव्हती.

प्रादेशिक कारणही लक्षात घेतले पाहिजे. मराठी ध्वनिमुद्रणाचे केंद्र मुंबई होते. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. ज्या दशकांत मराठी श्रोत्याची आवड तबकडीवर घडत होती त्या दशकांत येथील ग्रामीण स्त्री त्या बाजाराच्या दुहेरी सीमेबाहेर होती, एक सीमा राज्याची आणि दुसरी दारिद्र्याची.

ओव्यांचे संकलन झालेच नाही असे नव्हे. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन', सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली झालेले लोकसाहित्य समितीचे काम आणि इंदिरा संतांची 'मालनगाथा' हे या क्षेत्रातील मोलाचे टप्पे होत. मात्र हे संकलन शब्दांचे होते. छापील पानावर ओवी दोन ओळींत संपते. गाताना मात्र तिच्यातील शब्द परत येतात, ओळीचा अर्धा भाग दुसरी उचलून धरते आणि मध्येच 'बाई', 'गं' असे शब्द येऊन श्वासाला जागा करून देतात. यांतील बरेच काही कागदावर येत नाही.

माजलगाव, १९९६

गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातील सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या माध्यमातून जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले. महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात जमा झाल्या. एकोणीसशे नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या कामात सहभागी झाले आणि शब्दांबरोबर आवाजही नोंदविला जाऊ लागला. शंभराहून अधिक तासांचे हे ध्वनिमुद्रण आहे. पॉइटवँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संग्रहाने २०१७ पासून या ओव्या मूळ आवाज, मराठी संहिता आणि इंग्रजी अनुवाद यांसह क्रमशः प्रकाशित केल्या.

या संग्रहातील माजलगावच्या भीमनगर वस्तीचे ध्वनिमुद्रण एप्रिल १९९६ मधील आहे. राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार आणि त्यांच्या सोबतिणी यांचे ते गायन आहे. ही तबकडी नव्हे, कॅसेटही नव्हे. तिला मुखपृष्ठ नाही आणि दुकानात ती कधी मिळाली नाही. तरीही एखाद्या जाणत्या सहकाऱ्याने 'मराठवाड्यातले एकच ध्वनिमुद्रण सुचवा' असे म्हटल्यास प्रस्तुत लेखक प्रथम याचेच नाव घेईल. त्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

ओवीचा पारंपरिक विषय माहेर, भाऊ, लेकरू, पंढरपूर, राम आणि सीता असा आहे. भीमनगरच्या स्त्रिया त्याच छंदात बाबासाहेबांना आणि बुद्धाला गातात. ऑक्टोबर १९५६ मधील धर्मांतराचा राजकीय आणि वैचारिक इतिहास आपण भाषणे, ठराव आणि वृत्तपत्रे यांच्या आधारे शिकवितो. परंतु धर्मांतर घरात कसे आले, पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बाईच्या तोंडी विठ्ठलाच्या जागी दुसरे नाव कसे बसले, याची नोंद कोणत्याही ठरावात सापडणार नाही. ती येथे ऐकू येते. छंद जुनाच राहिला. जिव्हाळ्याची भाषाही तीच, घरच्या माणसाला हाक मारावी तशी. दैवत मात्र बदलले. बदल आणि सातत्य एकाच श्वासात ऐकविणारे इतके थेट साधन आपल्या विषयात फारसे नाही.

काळाचा संदर्भही महत्त्वाचा आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला. त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. भीमनगरचे ध्वनिमुद्रण त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी झाले. या ओव्या म्हणजे त्या लढ्यावरील भाष्य होय, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ओवी घटनेची तारीख सांगत नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणे हा साधनावरच अन्याय ठरेल. तथापि ज्या प्रदेशात एका नावासाठी सोळा वर्षे झगडावे लागले, तेथे ते नाव स्त्रिया किती सहजतेने, कोणताही आवेश न आणता गातात, हे ऐकल्यावर विसरता येत नाही.

दुसरे कारण नावाचे. पूर्वीच्या संकलनांत ओवी 'लोकांची' असे आणि लोकांची म्हणजे बहुधा कोणाचीच नाही असा तिचा अर्थ होई. या संग्रहात ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा यांची नोंद आहे. गौहरजानना आपले नाव स्वतः उच्चारावे लागले. राधाबाईंचे नाव संकलकांनी लिहून ठेवले. संग्रहशास्त्राच्या दृष्टीने ही बाब किरकोळ वाटेल, पण दलित स्त्री इतिहासात विषय म्हणून नव्हे तर कर्ती म्हणून येते ती अशाच नोंदींतून.

ऐकण्याची एक पद्धत येथे सुचवावीशी वाटते. प्रथम संहिता समोर न ठेवता ऐकावे. काही शब्द कळणार नाहीत, पण कोणी आरंभ केला, कोण मागून आली, कोठे अडखळल्या आणि सावरल्या हे कळेल. त्यानंतर संहिता घेऊन पुन्हा ऐकावे. उलट क्रमाने ऐकले तर कान केवळ वाचलेले शब्द शोधीत राहतो.

शोध कोणी घेतला?

बाजाराने विसरलेल्या ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशात येतात त्या बहुधा एखाद्याच्या शिफारशीने. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठविलेल्या तबकडीवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे अनेकांस ठाऊक असते. ती तेथे कशी पोहोचली हे मात्र फारसे सांगितले जात नाही. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली, परंतु त्या वेळी ती अमेरिकेत सहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालील खोक्यात, तिच्या न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. गोव्यातील केरी गावच्या गायिकेचा स्वर सूर्यमालेबाहेर गेला तो एका अभ्यासकाच्या आग्रहामुळे आणि एका खोक्यामुळे.

मुंबईचे चरणजित सिंग यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. चित्रपटसंगीतात वादक असलेल्या सिंग यांनी १९८२ मध्ये यमन, भैरव, मालकंस आदी दहा राग विजेच्या वाद्यांवर डिस्कोच्या ठेक्यात बांधून एक तबकडी काढली. ती कोणाच्या विशेष ध्यानी आली नाही. पुढे एदो बोमन या डच संग्राहकाच्या हाती ती लागली आणि २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले. शिकागोत १९८० च्या दशकात पुढे उदयास आलेल्या नृत्यसंगीताशी तिचे विलक्षण साम्य असल्याचे पाश्चात्त्य श्रोत्यांच्या लक्षात आले आणि सिंग उतारवयात युरोपातील रंगमंचावर पोहोचले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. तबकडी ऐकण्याजोगी आहेच. विशेषतः रागाची चलनपद्धती न मोडता यंत्राचा ठेका सांभाळण्याची त्यांची हातोटी संगीताच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावी. परंतु तिचा शोध लागला तो ती शोधणाऱ्यांच्या परिचयाच्या संगीतासारखी होती म्हणून, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. माजलगावच्या ओव्या युरोपातील कोणत्याही नृत्यगृहातील संगीतासारख्या नाहीत. त्यांच्यासाठी तसा ग्राहक येणार नाही. तेथे शोधाची जबाबदारी आपल्यावरच येते.

कॅसेटचा काळ आणि आपली कपाटे

तबकडी आणि संग्रह यांच्या मध्ये कॅसेटचा काळ येतो. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेट-व्यवहाराचा अभ्यास केला. स्वस्त कॅसेटमुळे मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक गायकांना बाजार मिळाला, हे त्यांचे प्रतिपादन महाराष्ट्रालाही लागू पडते. वामनदादा कर्डक यांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज मराठवाड्यातील वाडीवस्तीपर्यंत पोहोचले त्यात कॅसेटचा वाटा मोठा होता. भीमजयंतीच्या आधी नवी भीमगीते, आषाढीच्या आधी नवे अभंग, असा या व्यवहाराचा हंगाम असे. नामवंत गायकांचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. तालुक्याच्या ठिकाणी निघालेल्या, थोड्या प्रतींच्या कॅसेटी मात्र चुंबकीय फितीच्या आयुष्याबरोबर संपत आहेत. उष्णता, धूळ आणि बुरशी यांनी फीत खराब होते. ती वाजविणारे यंत्रही आता घरोघरी उरलेले नाही.

येथे एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयातील निर्लेखनाच्या वेळी पुस्तकांची यादी दोनदा तपासण्यात आली. शेजारील पेटीतील कॅसेटींची यादीच नसल्याने त्या तपासण्याचा प्रश्न उद्भवला नाही आणि पेटी रद्दीबरोबर गेली. कोणाचा हेतू वाईट नव्हता. दाखल नोंदवहीत ज्याला क्रमांक नाही ते नियमानुसार अस्तित्वातच नसते.

त्यानंतर प्रस्तुत लेखकाने पदवीच्या तृतीय वर्षाच्या वर्गात भीमनगरचे ध्वनिमुद्रण ऐकविले आणि विद्यार्थ्यांना घरातील जुन्या कॅसेटी पाहून येण्यास सांगितले. पुढील आठवड्यात काही कॅसेटी आल्या. दोन कीर्तनाच्या, एक लग्नातील गाण्यांची, काही भीमगीतांच्या. एका विद्यार्थिनीने कॅसेट आणली नाही. आपली आजी अजून ओव्या म्हणते, पण तिचे कोणी मुद्रण केलेले नाही, असे तिने सांगितले. आजीच्या गावी ऊसतोडीला गेलेली माणसे परतल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात, जाण्याचे ठरले. दरम्यान वर्गाने एक साधी नोंदवही सुरू केली आहे. तीत कॅसेटचे नाव, कंपनी, वर्ष, मिळाल्याचे गाव आणि फितीची स्थिती असे रकाने आहेत. गायिकेच्या नावाचा रकाना पहिला ठेवला आहे. वेष्टनावर नाव छापलेले नसल्यास घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ते भरावे, अशी सूचना विद्यार्थ्यांना देण्यात आली आहे.