पेशवे दफ्तराचे रुमाल

कागदांची चळत चौकोनी कापडात ठेवायची, चारी पदर वर आणायचे आणि घट्ट गाठ मारायची. दफ्तरखान्यात या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या बंडगार्डन रस्त्यावरच्या पुराभिलेखागारात असे सुमारे पस्तीस हजार रुमाल आहेत. त्यांपैकी सत्तावीस हजारांहून अधिक मराठी आहेत आणि त्यांतले बहुतेक सगळे मोडी लिपीत लिहिलेले. लोक या जागेला अजून ‘पेशवे दफ्तर’च म्हणतात. अठराव्या शतकातल्या दख्खनवर कुणी काही लिहायला बसला, की या रुमालांपाशी आल्यावाचून त्याचे काम पुरे होत नाही.

आणि तरी यातला बहुतेक कागद इतिहासासाठी लिहिलेला नाही. कुणाकडून किती वसूल आला, कुणाला किती दिले, बाकी किती राहिली, एवढ्याचसाठी तो लिहिला गेला. हिशेबाचा कागद इतिहासाचा कागद कसा झाला, ही या दफ्तराची कुळकथा आहे. तिच्यात कारकून आहेत, इनामदार आहेत, इंग्रज अधिकारी आहेत आणि पायपीट करणारे संशोधकही आहेत.

पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे भाग होते: चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात रोजचे काम होई. त्यातला फड फडणिसांच्या थेट हाताखाली असे. सनदा, हुकूम, जमाखर्च तिथून निघत. बेहड्याच्या खात्यात येत्या सालाचा अंदाज बांधला जाई, सरंजामाच्या खात्यात सरदारांना लावून दिलेल्या मुलखाचा हिशेब असे. इथले काम संपले की कागद एकबेरीज दफ्तरात जात. तिथले कारकून दोन गोष्टी करीत. खर्चाच्या बाबी सदरवार मांडून खतावणी करायची आणि जमा, खर्च, बाकी एकत्र करून तर्जुमा तयार करायचा. हे एकबेरीज दफ्तर आधी साताऱ्याला होते. कारभार पुण्यात एकवटला तसे तेही पुण्यात आले. एखाद्या परगण्याची वीस वर्षांपूर्वीची जमा काय होती, हे त्या काळच्या पुण्यात कागद काढून सांगता येत असे. नानासाहेब, थोरले माधवराव आणि नाना फडणीस यांच्या अमदानीत या शिस्तीवर फार भर होता, आणि मराठी राज्याच्या कर्तबगारीत मी या कारकुनी कामाला मोठे स्थान देतो. लढाया जिंकणारे पुष्कळ होऊन गेले. आपला हिशेब शंभर वर्षे टिकेल असा ठेवणारे थोडे.

रोजकीर्दीतला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदींतला, एक कागद डोळ्यांसमोर आणू. जुन्नरी हातकागदाचा लांब बंद, उभ्या घड्या घालून समास पाडलेला. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. बोरू उचलायचा तो शाई संपली की, म्हणून दोन शब्दांमध्ये जागा सुटत नाही. वेलांटी एकच, उकार एकच; ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नाही. रकमेपुढे उभ्या रेघा दिसतात. एक रेघ पाव रुपयाची, दोन अर्ध्याच्या, तीन पाऊण रुपयाच्या. तारीख ‘छ’ या अक्षराने सुरू होते, कारण ती मुसलमानी चांद्र महिन्याची असते. साल शुहूर सनाचे, अरबी अंकनामांत लिहिलेले: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. हे साल सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलते. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. इथे १७६०-६१, म्हणजे पानिपतचे साल. पुण्याच्या ब्राह्मण कारकुनाने मराठी मजकुरावर अरबी साल आणि हिजरी चंद्र घालावा, यात त्याला काही वावगे वाटत नव्हते. निजामशाही-आदिलशाहीपासून दख्खनच्या कचेऱ्यांतली ही चालच होती.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त ढिली पडली. कागदांवर कुणाचे लक्ष राहिले नाही आणि बरेच कागद दफ्तराबाहेर गेले. १८१८ मध्ये राज्यच गेले. दख्खनचा कमिशनर म्हणून आलेल्या एल्फिन्स्टनला जमीनमहसूल बसवायचा होता, त्यामुळे दफ्तर त्याला हवेच होते. त्याच्या हाताखालच्या मॅक्लिओडने दफ्तराची पाहणी करून त्याचे वर्णन लिहिले. पुढे पेशव्यांचा शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत गेला. १० जानेवारी १७३० ला ज्याची पायाभरणी झाली, त्या वाड्याचे आज तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत. त्याच्या पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये लागले, हा आकडा मात्र आपल्यापर्यंत पोचला.

दफ्तर जपले गेले ते इनामांमुळे. पेशव्यांनी आणि त्यांच्या आधीच्या राजांनी देवस्थानांना, भिक्षुकांना, सरदारांना, देशमुख-देशपांड्यांना जमिनी इनाम दिल्या होत्या. त्यांवर कंपनी सरकारला सारा मिळत नव्हता. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे नुसत्या वहिवाटीचे, हे तपासायला इनाम कमिशन नेमले गेले, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला मोठे अधिकार मिळाले. इनामदाराने आपली सनद दाखवायची आणि कमिशनने ती हुजूर दफ्तराशी ताडून पाहायची. दफ्तरात नोंद नसेल तर पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन जाण्याची पाळी. पुराव्यासाठी गावोगावच्या वतनदारांची दफ्तरेही सरकारने गोळा केली, आणि त्यांचे रुमाल पुण्याच्या साठ्यात येऊन पडले. पुण्याचे ‘लोकहितवादी’ गोपाळ हरी देशमुख यांनीही सरकारी नोकरीत असताना या कमिशनचे काम केले. दख्खनमधल्या किती घरांनी या कमिशनचा धसका घेतला, हे त्या काळच्या अर्ज-कैफियतींतून कळते. १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक रक्कम भरून इनामे कायम करून घ्यायची सोय झाली आणि हे प्रकरण निवळले.

लोकांचे हक्क तपासण्यासाठी, आणि पुष्कळदा काढून घेण्यासाठी, जमवलेला हा साठा आज त्याच लोकांच्या इतिहासाचे सर्वांत मोठे साधन आहे. सांभाळणाऱ्याच्या मनात इतिहास नव्हता, तरी सांभाळले गेले. ज्यांच्या जमिनी या कागदांपायी गेल्या त्यांचे दुःख त्यामुळे कमी होत नाही, आणि कागदांचे मोलही त्यामुळे घटत नाही.

कमिशन संपले तसे दफ्तर एलिनेशन ऑफिसच्या, म्हणजे इनाम जमिनींच्या कचेरीच्या, ताब्यात राहिले, आणि त्याचे दार बंद झाले. कागद बाहेर गेले तर जमिनींचे जुने दावे पुन्हा उभे राहतील, ही सरकारची धास्ती. ज्या शहरात मराठ्यांचा इतिहास नव्याने लिहिण्याची उमेद जागी झाली होती, त्याच शहरात त्याची साधने कुलपात होती. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६८ च्या सुमारास ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या बखरीवर टीका लिहिली. मराठ्यांचा इतिहास मराठी कागदांवरून तपासला पाहिजे, हा आग्रह त्या टीकेने धरला. १८७८ मध्ये पुण्यातच काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू केला आणि बखरी, पत्रे छापायला घेतली.

सरकारी दार उघडत नाही म्हटल्यावर माणसे घरोघरच्या माळ्यांकडे वळली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे त्यांतले सर्वांत झपाटलेले. वाईला मिळालेल्या पत्रांवरून त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून खाणारा, खेडोपाडी पायी हिंडणारा हा माणूस जुन्या घराण्यांच्या दारात उभा राही आणि कागद मागे. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दफ्तरात शिरले. साताऱ्याला दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी कागद, चित्रे, वस्तू जमवल्या, नाना फडणिसांचे मेणवलीचे दफ्तरही मिळवले. त्यांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात आला. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सदाशिव पेठेतल्या या मंडळात आज लाखो मोडी कागद आहेत, आणि ते बहुतांशी लोकांनी आपणहून आणून दिलेले आहेत. पुण्यात अशी दोन दफ्तरे शेजारी नांदतात, एक सरकारने ताब्यात घेतलेले आणि एक लोकांनी विश्वासाने सोपवलेले.

सरकारी दफ्तराचे दार आधी किलकिले झाले ते गणेश चिमणाजी वाड यांच्यामुळे. त्यांनी सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिशांतून उतारे निवडले, आणि १९०२ पासून दहाएक वर्षांत त्यांचे नऊ भाग छापून निघाले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्याआधीच या रोजनिशांवर विस्तृत निबंध लिहून दाखवून दिले होते, की राज्य कसे चालले हे कळायला लढायांपेक्षा हे रोजचे कागद उपयोगी पडतात.

खरे दार उघडले ते इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि यदुनाथ सरकार यांच्या रेट्याने. बडोद्याची नोकरी संपवून सरदेसाई कामशेतला राहायला आले होते. मुंबई सरकारने त्यांच्याकडे दफ्तर चाळून निवडक कागद छापण्याचे काम सोपवले. १९३० ते १९३४ या चारेक वर्षांत ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’ या नावाने पंचेचाळीस खंड निघाले. छापलेले कागद साडेआठ हजारांहून अधिक. १९३३ मध्ये सरदेसायांनी संपूर्ण दफ्तराचे मार्गदर्शक पुस्तकही काढले. रोजकीर्द, घडणी, पागा, पथके, शाहू दफ्तर, आंग्रे दफ्तर, जमाव अशा विभागांतून वाट काढणाऱ्याला ते अजून हाती धरावे लागते. हे काम अवाढव्य होते, आणि ज्या वेगाने झाले तो वेग आज कुणाला साधेल असे वाटत नाही. पण निवड करणाऱ्यांची नजर राजकारणावर होती. मोहिमा, तह, वकिलांची पत्रे आधी उचलली गेली. समाज आणि अर्थव्यवहार यांच्या वाट्याला मोजके खंड आले. आणि रुमालांच्या संख्येपुढे साडेआठ हजार कागद म्हणजे अगदीच थोडे.

पुणे शहराचा इतिहास उरलेल्या कागदांत जास्त आहे. घाशीराम कोतवाल आपल्याला आठवतो तो १७९१ मधल्या त्याच्या भयंकर शेवटामुळे आणि विजय तेंडुलकरांच्या १९७२ मधल्या नाटकामुळे. पण कोतवाल रोज काय करी? बाजारातले भाव आणि वजनमापे पाहणे, घराजागांच्या खरेदी-विक्रीची नोंद ठेवणे, शहरात कोण आले आणि कोण गेले ते टिपून ठेवणे, भांडणे तोडणे, दंड वसूल करणे. कोतवालीच्या हिशेबात यातले एकेक काम आणि त्याची रक्कम येते. पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना इतकी वर्षे जकात माफ, अशी कौलपत्रे येतात. गवंडी, भिस्ती, पाथरवट यांची मजुरी येते. सरकारवाड्यात राबणाऱ्या कुणबिणींचा, म्हणजे दासींचा, उल्लेख येतो, त्यांच्या किमतीसकट. बखरींत ही माणसे सापडत नाहीत.

अशा कागदांचा धागा काहींनी पकडला. ना. गो. चापेकरांनी १९३७ मध्ये ‘पेशवाईच्या सावलीत’ हे पुस्तक जुन्या जमाखर्चांवरून रचले, आणि भाव, मजुरी, कपडे, सणवार यांचे पुणे उभे केले. भारत इतिहास संशोधक मंडळाने चाळीसच्या दशकात ‘पुणे नगर संशोधन वृत्त’ काढून शहराच्या पेठा, देवळे, वाडे यांच्यावरची टिपणे एकत्र केली. जपानहून आलेले हिरोशी फुकाझावा अठराव्या शतकातली जातिव्यवस्था, गावगाडा आणि दास्य यांचा अभ्यास करताना या छापील निवडींवर विसंबले. बाळकृष्ण गोविंद गोखल्यांनी १९८८ मध्ये अठराव्या शतकातल्या पुण्यावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तरीही आपल्या पेठेचा, आपल्या आळीचा कागदोपत्री इतिहास हातात असलेले पुणेकर थोडेच आहेत.

अडचण वाचणाऱ्यांची आहे. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरचे कागद मुके झाले. आजोबांची खतपत्रे नातवाला वाचता येत नाहीत. ही लिपी फार अवघड नाही. मुळाक्षरे थोड्या दिवसांत ओळखीची होतात. नेट लागतो तो पुढे, एकेका कारकुनाच्या वळणाची सवय होईपर्यंत. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात आणि तिथे येणाऱ्यांत नोकरदार आणि निवृत्त मंडळीही असतात. इतिहासाची पदवी नसलेल्या माणसाला थेट अस्सल साधनापर्यंत पोचवणारी इतकी सरळ वाट दुसरी मला माहीत नाही.

पेठांतले वाडे आता भराभर पाडले जात आहेत. माळ्यावरच्या पेटीत, फडताळात, देवघराच्या मागे मोडी कागद सापडले तर ते रद्दीत घालू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये चिकटवून घेऊ नका, उन्हात वाळत टाकू नका. रुमाल असेल तर कागदांचा क्रम मोडू नका. कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता, यावरूनही पुष्कळ कळते. कोरड्या सुती कापडात बांधा, कोणत्या घरात आणि कुठे सापडले ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, आणि भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात जाणकाराला दाखवा. मूळ कागद द्यायचे नसतील तर निदान त्यांची छायाचित्रे घेऊ द्या.