फाईल जात का नाही?

विंडोज एक्सपी वापरलेल्या प्रत्येकाने ती सूचना कधी ना कधी वाचली असेल. फाईल पुसता येत नाही, कारण ती दुसरी व्यक्ती किंवा दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे! घरात संगणक एक, त्याच्यासमोर बसलेले आपण एकटे, मग ही दुसरी व्यक्ती आली कुठून? आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना तर कोणीतरी चोरून आपला संगणक पाहतो आहे असेच वाटले होते.

आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण मला अशा वेळी 'काय बिघडले' यापेक्षा 'हे कधीपासून आहे' हा प्रश्न आधी पडतो. आणि संगणकाच्या बाबतीत तो फार उपयोगी पडतो, बरं का.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यावरच्या डॉसमध्ये एका वेळी एकच माणूस आणि एकच प्रोग्रॅम असे. भांडणाचा प्रश्नच नव्हता. पुढे कचेऱ्यांतले संगणक तारांनी जोडायची वेळ आली. दोन कारकुनांनी एकच खातेवही एकाच वेळी उघडली आणि दोघांनी आपापले आकडे लिहिले तर? म्हणून १९८४ च्या डॉस ३ मध्ये फाईल उघडतानाच 'इतरांना वाचू द्यायचे का, लिहू द्यायचे का' हे ठरवण्याची सोय आली. १९९३ च्या विंडोज एनटीने त्यात पुसण्याची परवानगी वेगळी केली. फाईल उघडणाऱ्या प्रोग्रॅमने ती आधीच दिली नसेल तर फाईल पुसता येत नाही. बहुतेक प्रोग्रॅम ती देत नाहीत. सूचनेतली 'दुसरी व्यक्ती' म्हणजे तो कचेरीतला कारकून. घरच्या संगणकावर तो कधीच नव्हता, पण वाक्य राहिले.

एक्सपीत गुन्हेगार बऱ्याचदा घरातलाच असे. सिनेमाच्या मोठ्या फाईलवर नुसते एकदा क्लिक केले, की तिची लांबी आणि चित्र दाखवण्यासाठी एक्सप्लोरर स्वतःच ती उघडून बसे आणि मग आपल्यालाच नाही म्हणे. दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन थोडे थांबले, की काम होई. नाही झाले तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, तेही नाही तर सेफ मोड. फाईल नेमकी कोणी धरली आहे हे पाहायचे असेल तर मार्क रुसिनोविच यांचा प्रोसेस एक्सप्लोरर आजही फुकट मिळतो.

युनिक्समध्ये असे होत नाही. तिथे १९७० च्या दशकापासून पद्धत निराळी. पुसा म्हटले की नाव ताबडतोब जाते, मजकूर मात्र शेवटचा वाचणारा उठेपर्यंत राहतो. ऐकायला छान वाटते, पण मग डिस्क भरलेली असते आणि भरणारी फाईल कुठेच दिसत नाही. मला विचाराल तर तोंडावर नाही म्हणणारे विंडोज बरे.

आता ती गाजलेली ईमेल. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे क्वचितच कोणी सुटला असेल तिच्यातून. विंडोजमध्ये 'कॉन' नावाचे फोल्डर बनवताच येत नाही, हे एका भारतीयाने शोधले आणि खुद्द बिल गेट्सनाही त्याचे उत्तर देता आले नाही! अभिमानाने पुढे पाठवली लोकांनी. उत्तर मात्र अगदी साधे आहे. कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजे आपला कीबोर्ड आणि पडदा. गॅरी किल्डॉल यांच्या १९७० च्या दशकातल्या सीपी/एम या प्रणालीत उपकरणांना अशी छोटी नावे होती. टिम पॅटरसन यांनी १९८० साली डॉसचा पूर्वज लिहिला तेव्हा ती तिकडे आली. सोय मोठी होती. फाईल 'पीआरएन' या नावावर कॉपी करा, की ती प्रिंटरवर छापून येई. पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, त्यामुळे ही नावे कोणाच्या वाटेत येत नव्हती. मार्च १९८३ मध्ये डॉस २ बरोबर फोल्डर आले. तेव्हा ती नावे एका कोपऱ्यात हलवता आली असती, पण मग जुने प्रोग्रॅम बंद पडले असते. म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये ती राखीव ठेवली गेली.

आमच्या शेजारच्या कॉलेजकुमाराने कुठलीशी युक्ती वाचून असे फोल्डर बनवून दाखवले. बनले खरे, पण मग जाईना! बनवताना जो खास मार्ग लिहिला होता (दोन उलट्या तिरप्या रेघा, टिंब, पुन्हा एक रेघ, मग नेहमीचा पत्ता) तोच काळ्या खिडकीत 'आरडी' या आज्ञेपुढे लिहिल्यावर गेले. त्या खुणेचा अर्थ इतकाच, की नाव जुन्या नियमाने तपासू नकोस.

हे झाले न जाणाऱ्या फायलींचे. पण ज्या गेल्या असे आपण समजतो, त्या तरी जातात का?

डॉसमध्ये फाईल पुसली म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे एक ठरावीक खूण लिहिली जाई आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. बस्स. पटावरून नाव कमी केले तरी मुलगा बाकावर बसलेलाच. नवा मुलगा त्या बाकावर येईपर्यंत तो तिथेच. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये नेमके याच्याच आधारे पुसलेली फाईल परत आणणारा प्रोग्रॅम काढला. १९९१ च्या डॉस ५ मध्ये तशी आज्ञाच आली. ती आपल्याला विचारी, नावाचे पहिले अक्षर काय होते? कारण तेवढेच खरोखर गेलेले असे!

ती खूण म्हणजे २२९ हा आकडा, संगणकी लिपीत 'ई५'. तोच का? आयबीएमच्या कोऱ्या आठ इंची फ्लॉपी कारखान्यातून याच आकड्याने भरून येत. किल्डॉलनी 'ई५ म्हणजे रिकामे' असे धरले, तेच डॉसने उचलले. पण जपानी लिपीच्या संकेतात त्याच आकड्याने सुरू होणारी अक्षरे निघाली, म्हणजे अशा नावाची चांगली फाईलही पुसलेली ठरणार. मग त्यांच्यासाठी ५ हा आकडा लिहायची वेगळी तडजोड करावी लागली. इंग्रजीपुरता विचार करणाऱ्यांची ही गंमत आपल्या देवनागरीनेही वेगळ्या रीतीने पुष्कळ भोगली, असो.

फॅट ३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर ती खूण आजही चालते. आमच्या एका परिचितांनी पत्नीचे शेवटच्या सहलीतले फोटो कार्डावरून चुकून पुसले. पेन ड्राइव्ह असो की कार्ड, तिथले पुसलेले बहुधा रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. त्यांना एवढेच सांगितले, की आता त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका, कार्ड कॅमेऱ्यातून काढूनच ठेवा. दुकानातल्या मुलाने बरेचसे परत काढून दिले. दोन अर्धेच उघडतात, वरचे आकाश दिसते आणि खाली करडा पट्टा.

हल्लीच्या एसएसडी डिस्कवर मात्र हे धरून चालू नका. तिथे पुसलेली जागा संगणक डिस्कला लगेच कळवतो आणि डिस्क ती आपल्या सवडीने खरोखर रिकामी करते. तिथे बाकावर कोणी उरत नाही.