राग आणि मधले तीन तास

27 एप्रिल 1959. नौदलाचे कमांडर कावस नानावटी दुपारी मुंबईत आपल्या घरी होते. प्रेम आहुजाशी आपले संबंध आहेत, अशी कबुली पत्नी सिल्व्हियाने दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले. मग ते जहाजावर गेले आणि रात्री एकट्यानेच मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, असे सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. आहुजा ऑफिसात सापडला नाही, तेव्हा त्यांनी मलबार हिलवरचा त्याचा फ्लॅट गाठला. गोळ्या सुटल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

घरातून ते निघाले होते दीडला.

‘डोक्यात राग गेला आणि भलतेच होऊन बसले’ असे आपण सहज बोलून जातो. भारतीय दंड संहितेने 1860 साली याच अनुभवाला कलम 300 च्या पहिल्या अपवादात जागा दिली. गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाने स्वतःवरचा ताबा सुटून कोणी जीव घेतला, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. मात्र हा प्रक्षोभ आरोपीने स्वतःच ओढवून घेतलेला नसावा. पोलिसाने कायद्याने वागून केलेल्या कृतीचा राग आला, तर तोही चालत नाही. संहितेचा मसुदा 1837 साली मेकॉलेच्या आयोगाने तयार केला. इंग्लंडमधली न्यायालये तेव्हा नुसत्या शब्दांना प्रक्षोभ मानायला तयार नसत. अपमानाचे बोलणे फटक्याइतकेच भडकवू शकते, हे मेकॉलेने ओळखले होते. हे त्याचे मोठेच शहाणपण.

नानावटींचा मुख्य बचाव मात्र वेगळा होता: झटापटीत गोळ्या सुटल्या. पण आहुजा नुकताच न्हाणीघरातून बाहेर आला होता आणि कमरेचा टॉवेल मृतदेहावर जसाच्या तसा होता. झटापटीत तो टिकला कसा? तरीही ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली. 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

न्या. सुब्बा राव यांनी कसोटी घालून दिली. आरोपीच्याच समाजातला समंजस माणूस त्या प्रसंगी भान हरपून बसला असता का, हे बघायचे. शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात. पण घाव रागाच्या भरातच बसलेला हवा, राग निवल्यावर नव्हे. इथे मध्ये जवळजवळ तीन तास गेले होते. 1964 साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली, पण कसोटी राहिली.

या कसोटीची खरी झळ बसते ती वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या बाईला. तिचा राग एका क्षणात पेटत नाही; तो साचत जातो. 1989 साली मद्रास उच्च न्यायालयापुढे जाचाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतलेल्या आणि स्वतः वाचलेल्या स्त्रीचा खटला आला. तमिळ लोककथेतल्या नल्लथंगाळचे नाव घेत न्यायालयाने दीर्घकाळ साचलेला प्रक्षोभही मान्य केला.

संसदेला हे कायद्यात लिहिण्याची संधी होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मध्ये मात्र ‘आकस्मिक’ची अट तशीच आहे. ती बदलायला हवी.