उन्हाळी भटकंती : मुलुंडच्या डोंगरापासून कोलाडच्या नदीपर्यंत

परीक्षा आटोपल्या की एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या सरींपर्यंत तरुण मित्रमंडळींच्या हाती मोकळा वेळ असतो. नेमका हाच काळ सह्याद्रीतील भटकंतीला सर्वांत प्रतिकूल. येथील डोंगरयात्रेचा पारंपरिक हंगाम पावसाळ्यापासून माघ-फाल्गुनापर्यंतचा आहे. चैत्र-वैशाखात किल्ल्यांवरील टाकी आटतात, कातळ तापतो आणि वाळलेले गवत एका ठिणगीने पेटते. म्हणूनच पदभ्रमण, कयाकिंग, तंबूतील मुक्काम किंवा डोंगरी सायकलिंग यांपैकी कोणताही बेत आखताना पहिला विचार पाण्याचा करावा लागतो. प्यायला पाणी कोठे मिळेल, वल्हवण्याइतके पाणी कोठे उरले असेल आणि आपण वापरणार आहोत ते पाणी कोणाच्या वाट्याचे आहे, हे तीन प्रश्न त्यात येतात.

भटक्यांच्या दृष्टीने मुलुंड सोयीच्या जागी वसले आहे. पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी, तर मध्य रेल्वेच्या मार्गाने कर्जत आणि कसारा या दोन्ही बाजूंचा सह्याद्री गाठता येतो. ‘चक्रम हायकर्स’ ही गिर्यारोहण संस्था मुलुंडचीच. तिची ‘सह्यांकन’ ही अनेक दिवसांची सह्याद्री भ्रमंती राज्यभरातील भटक्यांना परिचित आहे; मात्र ती भर हिवाळ्यात, डिसेंबरच्या सुमारास होते. अनुभवी मंडळी लांबच्या पायपिटीसाठी मे महिना का निवडत नाहीत, याचे उत्तर त्यातच मिळते.

घरामागचा डोंगर म्हणून मुलुंडच्या टेकड्यांवर सहज चढून जाण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेलाच बरा. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान बिबट्याचे घर असून, अधिकृत प्रवेशद्वारे आणि नेमून दिलेल्या वाटा सोडून आत शिरणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो. या डोंगरांच्या कुशीत १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९ मधील तुळशी हे तलाव आहेत. मुंबईला नळाने पाणी मिळू लागले ते विहारपासून. शहराने हे जंगल टिकू दिले, त्याला या पाणलोटाची राखण हेही एक मोठे कारण आहे.

दिवसभराच्या चढाईसाठी मुलुंडकरांना जवळचा पर्याय म्हणजे शहापूर तालुक्यातील माहुली. लोकलने आसनगावला उतरून पायथ्याचे माहुली गाव गाठायचे आणि तानसा अभयारण्याच्या जंगलातून गडाची वाट धरायची. गडाची उंची ८०० मीटरहून अधिक, चढ सुमारे अडीच-तीन तासांचा. १६३६ मध्ये शहाजीराजांनी याच गडाच्या आश्रयाने मोगल आणि आदिलशाही फौजांना तोंड दिले होते. हिवाळ्यात सकाळी आठला चढायला सुरुवात केली तरी चालते. उन्हाळ्यात मात्र पहाटे उजाडताच निघून दहाच्या आत माथा गाठणे आणि ऊन चढण्यापूर्वी परतीला लागणे इष्ट. गडावर पाणी मिळेलच असे गृहीत धरू नये. माणशी चार-पाच लिटर पाणी पाठीवरून न्यावे लागते आणि त्याचे ओझे पहिल्या तासातच जाणवते.

येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी तानसा आणि भातसा याच शहापूर तालुक्यात आहेत. तरीही तालुक्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते आणि बायाबापड्या हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. वीस-पंचवीस जणांचा गट गावात येऊन विहिरीवर हातपाय धुतो, बाटल्या भरतो, तेव्हा तो कोणाच्या तरी दिवसभराच्या पाण्याला हात घालत असतो. पाणी घरूनच न्यावे आणि गावात जेवण सांगायचे असल्यास पाण्याची सोय आधी विचारून त्याचा योग्य मोबदला द्यावा. ‘गावात मिळेल’ हा शहरी आत्मविश्वास मे महिन्यात उपयोगाचा नाही.

उन्हाचा धोका कमी लेखण्याची सवय तरुणांत विशेष आढळते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ते लोक डोंगर चढत नव्हते, केवळ उन्हात बसले होते. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड राहण्याची नैसर्गिक व्यवस्था कोलमडते. सोबतीचा मित्र असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा त्याचे अंग भाजल्यासारखे तापले, तर हा थकवा नव्हे. त्याला ताबडतोब सावलीत आडवे करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णालयात हलवण्याची तजवीज करावी. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये. शिखर किती जवळ आहे, हा विचार अशा वेळी गैरलागू असतो.

नद्या आटलेल्या असताना वाहत्या पाण्यातले खेळ चालतात ते रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळच्या कुंडलिका नदीवर. याचे कारण निसर्गात नाही, विजेत आहे. मुळशी धरणाचे पाणी घाटमाथ्यावरून भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रात उतरते. १९२७ पासून चालू असलेल्या या केंद्रातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी कुंडलिकेत येते. त्यामुळे सर्वसाधारणपणे सकाळच्या वेळी काही तास नदीला वेग असतो आणि दुपारनंतर ती पुन्हा मंदावते. राफ्टिंगचे वेळापत्रक या विसर्गावर बांधलेले असते. उशिरा पोहोचणाऱ्यासाठी नदी थांबत नाही. ज्या धरणाच्या पाण्यावर ही मौज चालते, त्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला होता, हेही कोलाडला जाणाऱ्याला ठाऊक असावे. मावळातील गावे अखेर पाण्याखाली गेली ती गेलीच.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत. आता ती प्लॅस्टिकची असते, मात्र दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे कायम आहे. नवशिक्याने प्रथम धरणाच्या संथ पाण्यात बसावे आणि होडी उलटल्यावर बाहेर कसे यायचे हे वल्हवण्याआधी शिकावे. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळलेले हवेत. सैल जॅकेट पाण्यात मानेवरून निसटते. वाहत्या नदीत हेल्मेटही आवश्यक. पोहता येते म्हणून जॅकेट न घालणारा मित्र प्रत्येक गटात एखादा असतोच, त्याला होडीत घेऊ नये. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी बंधनकारक केली आहे. पैसे भरण्याआधी नोंदणीचा दाखला मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मुलुंडच्या अगदी जवळची ठाण्याची खाडी मात्र या खेळासाठी घरची नदी समजू नये. तेथे भरती-ओहोटीचा जोर आणि गाळ दोन्ही आहेत, शिवाय खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. खाडी पाहायची तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोटफेरी करता येते.

डोंगरी सायकलिंग हा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जन्मला. रुंद टायर, पुढच्या चाकावर धक्के शोषणारी यंत्रणा आणि भक्कम ब्रेक ही त्याची सामग्री. मुलुंडहून पहाटे निघून ठाण्याच्या उपवनमार्गे येऊरचा चढ गाठणे हा येथील सायकलस्वारांचा नित्यक्रम आहे. येऊर हेही उद्यानाचेच अंग असल्याने डांबरी रस्ता सोडून रानात सायकल घालता येत नाही. खरा मुरमाड उतार हवा असल्यास शहापूर, मुरबाडकडील गाडीवाटा धराव्यात. उन्हाळ्यात तेथे सुटी खडी आणि बाभळीचे काटे यांच्याशी गाठ असते. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि पंप सोबत नसेल, तर सायकल खांद्यावरून आणावी लागते. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये जलवाहिन्यांलगत मुलुंड ते धारावी आणि घाटकोपर ते सहार असा ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग आखला, तेव्हा मुलुंडकरांच्या आशा साहजिकच पल्लवित झाल्या होत्या.

तंबूतील मुक्कामासाठी मेच्या उत्तरार्धात बहुतेकांची पावले अकोले तालुक्यातील भंडारदरा आणि पुरुषवाडीकडे वळतात, ती काजव्यांसाठी. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे लुकलुकतात, तेव्हा ते नर-मादींचे परस्परांना दिलेले संकेत असतात. टॉर्च, मोटारींचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश यांनी हे संकेत पुसले जातात. अंडी जमिनीवर, पालापाचोळ्यात असल्याने झाडाखालची गर्दी पुढच्या वर्षीची पिढी पायदळी तुडवते. गाड्या दूर उभ्या करून अंधारात, वाटेवरूनच पाहणे योग्य. शेकोटीचा हट्ट या दिवसांत नकोच. वणवा विझवायला धावावे लागते ते गावकऱ्यांना.

याच भागातील साम्रद गावाजवळची सांदण दरी उन्हाळ्यात दोरांच्या साहाय्याने उतरता येते. अरुंद कातळभिंतींमुळे आत सावली असते आणि थंड पाण्याचे डोहही. परंतु माथ्यावर जोराचा पाऊस पडला की दरीत पाण्याचा लोंढा येतो आणि बाहेर पडायला वाव उरत नाही. मेअखेरीच्या वळवाच्या दिवसांत दुपारी ढग दाटू लागल्यास दरीत उतरू नये, आणि मोसमी पाऊस सुरू झाल्यावर तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत ही वाट बंदच समजावी.